रामदास बोट चुकलेले पणजोबा : घरचा इतिहास लिहिताना ऐकीव धरायचं की कागदावरचं?

माजघर
नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीत आमच्या सगळ्या चुलत-आते घरांचं संमेलन आहे आणि घराण्याची छोटी पुस्तिका काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ("तू लिहितेस ना इंटरनेटवर काहीतरी" एवढ्या पात्रतेवर.) काम मजेत चाललं होतं, आता एका गोष्टीवरून घरात दोन तट पडलेत.

आमचं गाव जैतापूरजवळ. पणजोबा मुंबईला गिरगावात एका पेढीवर कारकून. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी : १९४७ च्या जुलैत ते गावी यायला निघाले, भाऊच्या धक्क्यावर पोचले आणि छत्री खोलीवर राहिली म्हणून परत फिरले. बोट चुकली. ती बोट म्हणजे रामदास, त्याच फेरीत बुडालेली. छत्री विसरली नसती तर आजोबांची धाकटी भावंडं जन्मालाच आली नसती, असं आत्या (वय ८६) अजून हातवारे करून सांगते.

गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात पणजोबांनी पणजीला लिहिलेलं कार्ड सापडलं, शिक्का २१ जुलै १९४७. मजकूर : "रजा मंजूर झाली नाही. आता गणपतीसच येणे होईल. रामदासची वार्ता समजली असेलच. आपल्या वाडीतील कोणी नव्हते. काळजी नसावी." धक्क्याचं नाव नाही, छत्री नाही, काही नाही.

काका म्हणतात गोष्ट काढून टाक, छापील पुस्तकात थापा नकोत. आत्या म्हणते, "तुमच्या कार्डाला काय कळतंय? बायकोला घाबरवायचं नाही म्हणून लिहिलं असेल तसं." तुम्ही काय केलं असतंत? आणि एकूणच घरच्या जुन्या आठवणी, कागद, फोटो कसे जपलेत तेही लिहा.

कूपमंडूक
रामदास चुकलेले सगळे आजोबा-पणजोबा एकत्र केले तर आणखी दोन रामदास भरतील. आमचेही चुकले होते. आमच्याकडे छत्रीऐवजी विड्या आहेत.

गोट्या_सोम्या
आमच्याकडे पोट बिघडलं होतं. छत्री सभ्य आहे, ठेवा.

धक्क्यावरचा
माजघर, गंमत बाजूला ठेवून थोडी माहिती. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या सुमारास. ती मुंबईहून रेवसला चालली होती आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आता तुमची खरी अडचण. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्गच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. मे अखेरीला शेवटची बोट, मग थेट पावसाळा सरल्यावर. जुलैत जैतापूरकडे जायचं तर माणूस रेल्वेने कोल्हापूर गाठून घाट उतरायचा, तोही खाजगी सर्विस मोटारीने, कारण एसटीच मुळी १९४८ च्या जूनमध्ये सुरू झाली. म्हणजे तुमचे पणजोबा गावी जायला निघाले असते तर भाऊच्या धक्क्यावर गेलेच नसते. कार्ड नसतं तरी मी हेच म्हटलं असतं.

माजघर
@धक्क्यावरचा, हे आत्ताच आत्याला फोनवर वाचून दाखवलं. क्षणभर गप्प. मग : "अरे पण त्यांची बहीण अलिबागला दिली होती ना!" म्हणजे गोष्टीत आता एक बहीण वाढली. वंशावळीत ती कुठेच नाही, ते वेगळंच.

कागदी_वाघ
यात मतभेदाला जागाच नाही. ज्याला कागद आहे ते इतिहास, बाकी कथाकथन. ऐकीव गोष्टी छापल्या की पुढची पिढी त्याच पुरावा म्हणून दाखवते. आमच्या घराण्याच्या जुन्या पुस्तकात आमचा मूळपुरुष पानिपतावर लढलेला आहे. पुरावा काय? आधीच्या पुस्तकात तसं लिहिलंय. आणि त्या पुस्तकाचा पुरावा? कोणीतरी वयोवृद्धांनी सांगितलं. काका बरोबर आहेत.

माळरान
वाघोबा, कागद खरं बोलतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या वडलांचा जन्म १ जून. त्यांच्या तिन्ही भावांचा १ जून. माझे सासरे १ जून. आमच्या गावात एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून फिरवून कानाला लावायला सांगितला आणि तारीख ठोकून दिली. दाखल्यावर शिक्का आहे, सही आहे. खरी तारीख आजीला माहीत होती : "पोळ्याच्या आदल्या दिशी, बैलं नदीवर गेलती तवा."

दुसरं. आमच्या सातबारावर साठच्या दशकात वाटण्या झालेल्या दिसतात. प्रत्येक चुलत्याच्या नावावर वेगळा गट. उद्या कोणी संशोधक कागद वाचून लिहील की घर तेव्हा फुटलं. कसलं फुटतंय! सीलिंगचा कायदा १९६१ चा, जमीन मर्यादेत बसवायला फक्त कागदावर वाटण्या केल्या. चूल १९८४ पर्यंत एक होती, मी त्याच पंक्तीत जेवलोय.

कूपमंडूक
१ जून क्लबचा मी पण सभासद. त्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोण कोणाला शुभेच्छा देतंय तेच कळत नाही.

पाटावरवंटा
कागद-ऐकीव वादात एक तिसरा प्रकार राहिला : भांडी.

हसू नका. आमच्या सासरच्या कुळाचं छापील पुस्तक आहे, जाडजूड, १९३० च्या आसपासचं. त्यात प्रत्येक पुरुषाचं नाव, शिक्षण, हुद्दा, कोणत्या गावी स्थायिक. आणि मुलींसाठी काय? "कन्या ३." संपलं. कुठे दिल्या, नावं काय, जगल्या की मेल्या, काही नाही. सुना आहेत त्या सासरच्या नावाने, माहेरचं नाव असलंच तर कंसात.

मी माहेरच्या बायकांची वंशावळ करायला बसले तेव्हा आई, आजी, पणजी इथपर्यंत जाऊन गाडी अडली. पणजीची आई कोण? कोणालाच माहीत नाही. मग दसऱ्याला पितळेची भांडी घासायला काढली तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. एका पिंपाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी घातलेलं : "चि. बेबीस लग्नात मोठ्या मावशीकडून, पंढरपूर, ता. १२-५-४१". बेबी म्हणजे माझी आजी. तिला पंढरपूरला दिलेली थोरली मावशी होती हे घरात कोणाच्या गावी नव्हतं. तिथून पंढरपूरचं घर सापडलं आणि तिथल्या एका आजींनी पणजीच्या आईचं नाव तोंडपाठ सांगितलं. जुन्या गोल अक्षरातली हाताने घातलेली नावं शोधा. तांब्या, गडवा, परात, अडकित्ता, पानाच्या डब्याचं झाकण. कलईवाल्याकडे द्यायच्या आधी फोटो काढा, आणि मोड म्हणून विकायच्या आधी तर नक्कीच.

माजघर, अलिबागची बहीण खरी असेल तर तिच्या घरी तुमच्याकडून गेलेलं एखादं भांडं असेल.

निळी_शाई
पाटावरवंटा, जबरदस्त. आज संध्याकाळीच आईच्या मांडणीवर धाड.

गोट्या_सोम्या
आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर शेजाऱ्यांची नावं आहेत. यावरून घराण्याचा इतिहास काढला तर अवघड होईल.

मोडीवाली
मी मोडी शिकवते, त्यामुळे लोक दर आठवड्याला घरचं रुमाल-दप्तर (कापडात बांधलेले जुने कागद) घेऊन येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तर रांगच. आधी एक सांगते, निराश होऊ नका. लोकांना वाटतं पेशव्यांची सनद निघेल. निघतं बहुतेक वेळा गहाणखत, कर्जरोखा, भावकीचा वाद आणि किराण्याची यादी. मला स्वतःला किराण्याची यादी सनदेपेक्षा आवडते. लग्नात किती शेर तूप लागलं यावरून घर कळतं.

वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी : मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, डोक्यावरची रेघ आधी मारून मग खाली अक्षरं लिहीत जातात. त्यामुळे पहिल्यांदा सगळी ओळ म्हणजे एकच लांबलचक शब्द वाटतो. तारखांनी घाबरू नका. शके असेल तर ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९). इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे शब्द दिसले तर ते अरबी आकडे, सुहूर सन आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१० पासूनचं) आणि पेशवे दप्तर, मुंबईत पुराभिलेख खातं, इथे मोडीचे वर्ग होतात.

हात जोडून एक विनंती : जुने कागद लॅमिनेट करू नका! सेलोटेप लावू नका! टेपचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि अक्षर घेऊन जातो. लॅमिनेशन उष्णतेने चिकटवतात, ते पुन्हा कधीही निघत नाही. कागद उलगडून, सपाट, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा. ते मिळालं नाही तर निदान स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात. रुमाल बांधणाऱ्या कारकुनांना अक्कल होती.

सातासमुद्रापार
@मोडीवाली +१. फोटोंसाठी भर : सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम, वर प्लॅस्टिकचा पातळ पडदा असलेले, ते फोटोंचे शत्रू. फोटो निघत असतील तर आजच काढा. निघत नसतील तर ओढू नका, आहे तसा पानासकट स्कॅन करा. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. फोटोच्या मागे लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, बरेच लोक नेमकी तीच सोडतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे, तिथे चित्र दाबून लहान होतं. ईमेल किंवा ड्राइव्हवरून मागवा.

मी सिंगापूरहून आजोबांना दर रविवारी फोनवर बोलतं करून रेकॉर्ड करत होतो. "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं की "काय सांगायचं, होतं आपलं" एवढंच यायचं. मग एक एक फोटो दाखवून विचारायला लागलो : या खुर्चीच्या मागे दिसतंय ते दार कुठलं? तिथून अख्खी चाळ बाहेर आली, नळावरच्या भांडणांसकट. पंखा बंद करायला सांगा आणि कुकर चढवायच्या आधी बसा. माझ्या सर्वात चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐन मोक्याच्या जागी शिट्टी आहे.

बार्शी_लाइट
आमचं मूळ गाव तेव्हा निजामाच्या हद्दीत. घरातले जुने कागद उर्दूत, वडील उर्दू माध्यमात शिकलेले म्हणून ते वाचायचे. ते गेले आणि ट्रंक मुकी झाली. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने आजीने दोन मुलं आणि एक शेळी घेऊन रात्रीत हद्द ओलांडली, बार्शीकडच्या छावणीत राहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परत आले तर घराला दारं नव्हती. ही माणसं कुठून कुठे गेली याचा आमच्या घरात कागद नाही. आहे तो नंतरचा, १९५४-५५ चा खासरा पत्रक. त्यात आजोबांचं नाव, गट, पीक. मधली सात-आठ वर्षं फक्त आजीच्या तोंडी होती. वाघसाहेब, ती वर्षं झालीच नाहीत का?

(आजी शेळीचं नाव सांगायची. छावणीतल्या लोकांपैकी एकाचंही आठवायचं नाही, शेळीचं मात्र पक्कं.)

कागदी_वाघ
बार्शी_लाइट, झाली नाहीत असं कुठे म्हणालो? ज्याला उलट पुरावा नाही ते "अमुकने सांगितलं" म्हणून जरूर लिहा. माजघरच्या बाबतीत उलट पुरावा हातात आहे, त्यांच्याच पणजोबांच्या अक्षरात. तिथे भावनेला जागा देऊ नका, एवढंच.

चवदार
धागा वाचतोय दोन दिवस. कुळाचं पुस्तक, सनद, रुमाल, पितळी पिंप... सगळं छान आहे. पण ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांचं काय, हेही कोणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो.

जातीच्या दाखल्यासाठी आम्हाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणजे शाळेचं रजिस्टर बाद. जमीन वतनाची, तीही भावकीच्या एकत्र नावावर. वडील तालुक्याला खेटे घालून घालून शेवटी कोतवाल बुकात पोचले. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. तिथे चुलत आजोबांच्या जन्माची ओळ सापडली : बापाचं एकेरी नाव, जात, "मुलगा". मुलाचं नावही नाही. आमच्या घराण्याचा सर्वात जुना कागद तो. आजी ती झेरॉक्स देव्हाऱ्यात ठेवायला निघाली होती, पण आमच्याकडे देव्हारा नाही. बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत मागे खोचली.

त्या ओळीत घर कुठे आहे? घर आजीच्या ओव्यांत होतं. दळताना ती माहेरचा रस्ता गायची, कोणत्या भावाने कोणती साडी आणली, कोण मुंबईला गिरणीत गेला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला कोण कोण गेलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, गाणारणीच्या नावा-गावासकट. मी त्या वाचल्या तेव्हा उमगलं की आजीच्या पण लिहून घ्यायला हव्यात. तोवर जातं परसात उलटं पडलेलं. तिला चक्की नको, जातंच हवं. हाताला खुंटा लागल्याशिवाय शब्द यायचे नाहीत. मग जातं धुऊन मांडलं, मूठभर ज्वारी घातली आणि मोबाइल ओट्यावर ठेवला. तासभर गायली. मध्येच थांबून म्हणायची, "हे नगं लिव्हू."

कागद ज्यांच्याकडे लिहिला गेला त्यांनाच "कागद म्हणजे इतिहास" म्हणणं परवडतं.

माळरान
@चवदार, उभं राहून टाळ्या.

पाटावरवंटा
"हे नगं लिव्हू" वर वेगळा धागा व्हायला हवा. माझ्याकडच्या पत्रांत एका विधवा आत्याबद्दल आहे, तिचं जे केलं घरच्यांनी ते. करणाऱ्यांची नातवंडं आज माझ्या मांडीला मांडी लावून जेवतात. मी लिहिलं नाही अजून. फाडलंही नाही.

सातासमुद्रापार
पत्रं पाकिटात घालून वर "अमुक साली उघडावे" लिहून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. फाडू नका मात्र.

आडवाटेवरचा_आबा
अवांतर होतंय, पण वंशावळ गोळा करायला जाणाऱ्यांना इशारा. मी भावकीत फिरून "तुमच्या आजोबांचं नाव काय, त्यांना भाऊ किती" विचारायला लागलो. तिसऱ्या दिवशी एका चुलत्याने वकिलाला फोन केला. त्याला वाटलं मी वाटणीचा दावा टाकतोय. आता मी आधी पेढे घेऊन जातो आणि पहिलंच वाक्य "जमीन नको" असं बोलतो.

आमच्याकडे (मिरज-जमखंडी पट्टा) हेळवी येतो. आज्याच्या काळात बैलावर बसून यायचा, हल्ली मोटरसायकलवर. ओट्यावर बसून अख्खी पिढी घडाघडा म्हणतो आणि त्याच्या वहीत नवी पोरं लिहून घेतो. धान्य आणि एखादं भांडं द्यायचं. त्याच्या वहीत आमचा एक चुलत खापरपणजोबा निघाला ज्याचं नाव आमच्या कुठल्याच कागदात नाही. तो कोणत्या साली घर सोडून गेला, का गेला, हेळव्याने सांगितलं. का गेला ते इथे लिहीत नाही, भावकीतले दोघे या संस्थळावर आहेत.

गोदाकाठ
नाशिकला, त्र्यंबकला तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत, विसरू नका. तिथे तुमचं आडनाव नुसतं सांगून भागत नाही, मूळ गाव सांगावं लागतं, त्यावरून तुमचे उपाध्ये कोण ते ठरतं. वडिलांचं कार्य झाल्यावर गुरुजींनी लांबोळकी वही काढली आणि आमच्या पणजोबांची मोडीतली सही समोर धरली. सोबत आलेल्या सगळ्यांची नावं होती, दोन काकूंचीही. पाटावरवंटा, ज्या बायका कुळाच्या पुस्तकात नाहीत त्या यात्रेला आल्या असतील तर अशा वहीत सापडू शकतात.

निळी_शाई
आमच्या घराचा इतिहास १२ जुलै १९६१ पासून सुरू होतो. पानशेत फुटलं, शनिवारातलं आमचं घर छातीपर्यंत पाण्यात. आधीचं सगळं गाळात गेलं. वडलांनी एकच वस्तू वाचवली, ती म्हणजे रेडिओ, आणि तो त्यानंतर कधी लागला नाही.

उजनीकाठ
निळी_शाई, आमचं उलटं. वस्तू वाचल्या, गाव गेलं. उजनीच्या पाण्यात. जुनं पळसदेव ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, पाणी खाली गेलं की देवळं वर येतात. आमच्या गावाचं तसं नाही, देऊळ उरलं नाही. एका कडक उन्हाळ्यात आबांना घेऊन गेलो. भेगाळलेला गाळ, सगळीकडे सारखाच. आबा पाच मिनिटं गोल गोल फिरले, मग एका जोत्याच्या दगडाशी थांबून म्हणाले हा आपला उंबरा. तिथून पावलं मोजत सांगत गेले : इथे आड, इथे सुताराचा नेट (कामाची जागा), इथे चावडी. मी मोबाइलवर प्रत्येक जागेचं जीपीएस घेत गेलो. घरी येऊन नकाशा काढला. नंतर एका जुन्या शेजाऱ्याला दाखवला तर म्हणाला आड चुकीच्या बाजूला दाखवलाय. दोघांची यावरून अजून बोलाचाली बंद आहे.

कूपमंडूक
दोन आड दाखवा. पर्यटन वाढेल.

रेवसबंदर
हा धागा गंमतीने वाचत होतो. आमच्याकडे रामदास चुकलेलं कोणी नाही. आजीचा थोरला भाऊ होता बोटीवर. सापडला नाही.

चुकलेल्यांच्या गोष्टी रंगतात कारण सांगायला माणूस घरी परत आला. आमच्या आजीच्या माहेरी हे नावच काढत नसत. मला कळलं ते ती गेल्यावर, मामाकडून, तेही दोन वाक्यांत. तिच्या भावाचा फोटो नाही, वयसुद्धा नक्की नाही. रेवस, अलिबाग, आजूबाजूच्या गावांत अशी घरं बरीच आहेत. कोणी विचारत नाही कारण विचारायचं कसं ते कळत नाही.

माजघर, तुमच्या पणजोबांच्या कार्डातलं "आपल्या वाडीतील कोणी नव्हते" हे वाक्य मला छत्रीपेक्षा मोठं वाटलं. बातमी कळल्यावर माणसाने पहिली कोणती चौकशी केली ते त्यात आहे.

कूपमंडूक
रेवसबंदर, वर मी जे लिहिलं ते तुमच्यासमोर लिहिलं नसतं. मामांना अजून काही आठवत असेल तर लिहून घ्या. विचारायचं कसं म्हणाल तर सातासमुद्रापार यांनी सांगितलेलं बघा, भावाबद्दल न विचारता आजीच्या माहेरच्या घराबद्दल विचारा.

रेवसबंदर
राग नाही हो. विड्यांवर हसलो होतो मी. मामांकडे या रविवारी जातोय.

धक्क्यावरचा
@रेवसबंदर, त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली मुंबईत एशियाटिकमध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चाळता येतील. जुलै १९४७ चे अंक बघा. मी पुढच्या महिन्यात जाणार आहे, नाव आणि गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर बघून येईन.

गोट्या_सोम्या
कोणी पुस्तिका छापली असेल तर प्रतींचा अंदाज सांगा. आमच्या वडलांनी हौसेने दोनशे काढल्या. अजून माळ्यावर गठ्ठे आहेत, कसर सोडून कोणी वाचत नाही.

सातासमुद्रापार
घरटी एक अधिक दहा. शिवाय पीडीएफ, आणि दोन प्रती गावच्या वाचनालयात. तिथे टिकतात, घरच्या रद्दीत जातात.

माजघर
उशिरा येतेय, क्षमस्व. बरंच घडलं.

एक, अलिबागची बहीण खरी निघाली. पाटावरवंटा, तुम्हाला दंडवत. त्या घराशी आमचा संबंध तुटलेला, आत्याने आठवून आठवून आडनाव सांगितलं, तिथल्या सूनबाईंनी मांडणीवरच्या भांड्यांचे फोटो पाठवले. एका गडव्यावर "जैतापूर" आणि पणजोबांच्या वडलांचं नाव. बहीण म्हणून वंशावळीत आता तिला तिच्या नावाने जागा.

दोन, आत्याकडे पुन्हा बसले, पंखा बंद करून. या वेळी बोट खरी का खोटी ते विचारलंच नाही. ही गोष्ट तुला कोणी, कधी सांगितली, एवढंच विचारलं. ती म्हणाली, पणजी सांगायची. आणि केव्हा? पणजोबा कुठेही वेळेवर पोचत नसत. लग्नाला, बाराव्याला, गाडीला, सगळीकडे उशीर. सासूबाई त्यावरून टोचून बोलायला लागल्या की पणजी ही गोष्ट काढायची : उशीर झाला म्हणून तर कुंकू राहिलं माझं. म्हणजे गोष्ट तिची, त्यांची नव्हेच. ते हयात असताना त्यांच्या समोर सांगायची आणि ते नुसते मान हलवायचे म्हणे. रजा मिळाली नाही हे कार्ड ट्रंकेत तिच्याच साड्यांखाली होतं, त्यामुळे तिला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

तर पुस्तिकेत डावीकडच्या पानावर आत्याच्या शब्दांत गोष्ट, वर तिचं नाव, सांगितल्याची तारीख, आणि तिला कोणी सांगितली ते. उजवीकडे कार्डाचा फोटो, दोन्ही बाजू. धक्क्यावरचा यांची बोटी बंद असण्याची माहिती तळटीपेत टाकू का?

धक्क्यावरचा
टाका की. नाव नको, टोपणनाव पण नको.

कागदी_वाघ
सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख असेल तर माझी हरकत मागे. आमच्या पुस्तकात तेवढंच राहिलं होतं, म्हणून मूळपुरुष पानिपतावर जाऊन बसला.

मोडीवाली
माजघर, गडव्यावरचं अक्षर मोडी आहे की बाळबोध (देवनागरी)? फोटो टाका.

माजघर
बाळबोध, पण "जैतापूर"मधला "पू" बहुतेक ठोकणाऱ्याने राहिल्यासारखा नंतर वर घातलाय. टाकते.

पाटावरवंटा
आणि "कन्या ३" नाही ना होणार तुमच्या पुस्तिकेत? सगळ्या मुलींची नावं, सासरच्या नावासकट आणि माहेरच्याही?

माजघर
सगळ्यांची. त्याने पानं वाढणार आहेत, खर्च पण. काकांना अजून सांगितलेलं नाही.